हेगचा खटला आणि एम.ए.चा लघुप्रबंध : एक प्रकरण अभ्यास

ही हकिगत महाराष्ट्रातल्या एका राज्य विद्यापीठातली आहे. शीर्षकातला खटला म्हणजे दादरा-नगर हवेलीला जाण्याच्या वाटेवरून पोर्तुगालने भारताविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लढवलेला. विद्यार्थिनीचे नाव, विद्यापीठ आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी तिला बी.ए.ला इतिहास शिकवला होता. एम.ए.च्या लघुप्रबंधाशी माझा औपचारिक संबंध काही नव्हता, पण अडले की ती फोन करायची, मसुदे पाठवायची, त्यामुळे आतली बाजू बरीचशी पाहायला मिळाली. इतिहास आणि आंतरराष्ट्रीय संबंध हे दोन्ही विषय आवडणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढते आहे. दोन्ही एकत्र करायचे म्हणजे कागदावर नेमके काय करायचे, याची ओढाताण या एका प्रकरणात जवळपास पूर्ण दिसते, म्हणून ते सविस्तर मांडते आहे.

पार्श्वभूमी

विद्यार्थिनी पालघर जिल्ह्यातली, वारली समाजातली, घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिलीच. दादरा-नगर हवेलीतले सिल्वासा तिच्या गावाहून जवळ, मामा तिथल्या कारखान्यात कामाला. त्या बाजूला निघाले की महाराष्ट्र संपतो, गुजरात लागतो, मग केंद्रशासित प्रदेशाची पाटी येते, आणि तिथून दादऱ्याला जायचे तर पुन्हा गुजरातचा पट्टा ओलांडावा लागतो. हा तुकडा असा मध्येच कसा, हा प्रश्न तिच्याकडे कॉलेजात येण्याआधीपासून होता.

बी.ए.ला तिने इतिहास घेतला. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाचे पेपर वाचताना पहिल्यात इतिहास, दुसऱ्यात आंतरराष्ट्रीय संबंध असे दोन्ही समोर आले आणि दुसऱ्याची गोडी लागली. परीक्षा मागे पडली, गोडी राहिली. एम.ए.ला प्रवेश मात्र इतिहासालाच घेतला. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडच्या दोन वर्षांच्या एम.ए.त संशोधन प्रकल्प आला आहे : तिसऱ्या सत्रात ४ श्रेयांकांचा, चौथ्यात ६ श्रेयांकांचा. म्हणजे दुसरे वर्ष बऱ्यापैकी त्या एकाच कामाभोवती फिरते आणि विषय चुकला तर वर्ष चुकते.

तिचा पहिला सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) होता ‘गोवा मुक्तिसंग्राम आणि भारताचे परराष्ट्र धोरण (१९४७-१९६१)’. शीर्षक ऐकून कुणीही मान डोलवावी असे, पण कामाला बसले तर जन्म पुरायचा नाही.

अडचण

इतिहास विभागात तिला सांगितले गेले, “अगं, हे राज्यशास्त्र झालं. आमच्याकडे कशाला आणतेस?” राज्यशास्त्र विभागातल्या आंतरराष्ट्रीय संबंध शिकवणाऱ्या सरांनी सिनॉप्सिस चाळून म्हटले, “यात सिद्धान्त कुठे आहे? ही नुसती हकिगत आहे.” दोघेही आपापल्या जागी चुकीचे नव्हते. शिवाय नियम असा की गाइड आपल्याच विभागाचा हवा. सहमार्गदर्शक ही सोय पीएच.डी.ला असते, एम.ए.च्या प्रकल्पाला त्या विद्यापीठात नव्हती.

यामागे नोकरीचेही गणित होते. नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत इतिहास हा वेगळा विषय आणि राज्यशास्त्र, आंतरराष्ट्रीय संबंध हे वेगळे. सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला बसलेली समिती पदवी कशात, नेट कशात आणि संशोधन कशात हे तिन्ही एका रेषेत आहे का ते पाहते. दोन विषयांच्या सीमेवरचे काम वाचायला छान वाटते, पण जाहिरातीत त्याच्यासाठी रकाना नसतो. हे तिला कुणीतरी आधी सांगायला हवे होते. तिने ते वरच्या वर्गातल्या मुलांकडून वसतिगृहात ऐकले.

तिसरी अडचण साधनांची. १९४७ ते १९६१ या काळातले परराष्ट्र मंत्रालयाचे कागद दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागारात. काही ‘अभिलेख पटल’ या पोर्टलवर सापडतात, पण सगळे नाहीत. पोर्तुगीज बाजू पणजी आणि लिस्बनला, पोर्तुगीज भाषेत. तिच्या हातात मराठी, हिंदी, वारली आणि वाचण्यापुरते इंग्रजी. दिल्लीला राहायला पैसे नाहीत.

फोनवर मी तिला एवढेच विचारले की सिल्वासाच्या रस्त्यावरचा तुझा जुना प्रश्न या सिनॉप्सिसमध्ये कुठे आहे? तो नव्हता. त्या प्रश्नावर दोन देश हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भांडले आहेत, हे तिला माहीत नव्हते. आपल्या पाठ्यपुस्तकांत दादरा-नगर हवेलीची मुक्ती एका परिच्छेदात येते, सुधीर फडके त्या मोहिमेत होते हे अभिमानाने सांगितले जाते आणि खटल्याचे नावही निघत नाही.

खटला काय होता

हा भाग जरा लांबणार आहे. पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत.

पहिले इंग्रज-मराठा युद्ध चालू असताना, १७७९ मध्ये, पुणे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. इंग्रजांशी झुंज चालू असताना गोव्याच्या फिरंग्यांनी तिकडे मिळू नये ही पुण्याची गरज. मराठ्यांच्या आरमाराने पकडलेल्या ‘सांताना’ या पोर्तुगीज जहाजाची भरपाई हाही जुना मुद्दा होता. तहाच्या १७ व्या कलमात दमणजवळच्या मुलखातून १२,००० रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे ठरले. १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी ती प्रत्यक्षात गेली : आधी नगर हवेली, मग दादरा. पुढे १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि भोवतालचा मुलूख इंग्रजांकडे आला. ही गावे पोर्तुगीजांकडेच राहिली, चारही बाजूंनी परक्या हद्दीने वेढलेली. दमणहून तिथे जायचे तर इंग्रजांच्या, १९४७ नंतर भारताच्या प्रदेशातून जावे लागे.

१९५४ च्या जुलैत २१-२२ तारखेला दादरा मुक्तिसैनिकांनी घेतले, २ ऑगस्टला सिल्वासा. पोर्तुगालला दमणहून माणसे पाठवायची होती, भारताने वाट दिली नाही. पोर्तुगाल हेगला गेले. त्यांचे म्हणणे, आम्हाला आमच्याच प्रदेशात जायचा हक्क आहे आणि भारताने तो मोडला.

१२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. न्यायालयाने प्रश्नाचे तुकडे केले. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना जाण्या-येण्याचा हक्क पोर्तुगालला १९५४ मध्ये होता : ११ विरुद्ध ४. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांना नव्हता : ८ विरुद्ध ७. आणि भारताने आपल्या जबाबदारीविरुद्ध वर्तन केले नाही : ९ विरुद्ध ६. भारताच्या वतीने नेमलेले न्यायाधीश होते एम. सी. छागला, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. भारताकडून उभे राहिलेल्यांत ॲटर्नी जनरल सेटलवाड होते.

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या वर्गात हा खटला आजही शिकवतात. दोनच राष्ट्रांमध्ये दीर्घकाळ चाललेला व्यवहार त्यांच्यापुरता बंधनकारक ठरू शकतो, हे न्यायालयाने यात मान्य केले. इतिहासाच्या वर्गात तो जवळजवळ कुणीच शिकवत नाही. मला ही गोष्ट अजूनही चमत्कारिक वाटते, कारण जागतिक न्यायालयात मराठेशाहीचा तह आणि सनदा मांडून त्यांचा कीस काढला गेल्याचे दुसरे ठळक उदाहरण माझ्या तरी डोळ्यांसमोर नाही.

पर्याय

तिसरे सत्र सुरू होऊन तीन-चार आठवडे गेले होते. समोर चार वाटा होत्या.

जुनाच मोठा विषय ठेवायचा, छापील पुस्तकांवरून लिहायचा. गाइडना ही वाट चालली असती, परीक्षकांनाही. तिच्या वर्गातले निम्मे प्रकल्प असेच झाले.

दुसरी वाट १७७९ च्या तहाची. मोडी शिकायचे, पेशवे दफ्तरात बसायचे आणि तहाचा मराठी पाठ खरोखर काय देत होता ते तपासायचे. गाइड मॅडमना ही वाट सर्वांत आवडली, त्या स्वतः मराठा कालखंडाच्या.

तिसरी वाट राज्यशास्त्रातल्या सरांनी सुचवली : डिसेंबर १९५५ धरून शीतयुद्धाच्या चौकटीत हा खटला वाचायचा. त्या महिन्याचा क्रम खरोखर बोलका आहे. २ डिसेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्हा यांचे संयुक्त निवेदन निघाले, त्यात पोर्तुगालच्या ‘प्रांतां’चा उल्लेख आला आणि दिल्लीत गदारोळ उठला. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन त्याच सुमारास भारताच्या दौऱ्यावर आले होते. १४ तारखेला पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचे सदस्य झाले. १९ ला त्यांनी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे सक्तीचे अधिकारक्षेत्र मान्य केले, म्हणजे तशीच मान्यता दिलेल्या देशांशी त्यांचा वाद न्यायालयात नेता येऊ लागला. २२ ला भारताविरुद्ध अर्ज दाखल! सदस्यत्व मिळून आठवडा उलटला तोच दावा. १९५१ मध्ये पोर्तुगालने राज्यघटनेत दुरुस्ती करून वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ म्हणायला सुरुवात केली होती, ती भाषा आता न्यायालयात वापरायची होती.

चौथी वाट, जी शेवटी झाली, ती दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेच्या मधून जात होती. दोन्ही देशांनी न्यायालयात मांडलेली निवेदने, त्यांची परिशिष्टे आणि तोंडी युक्तिवाद हेच मुख्य साधन धरायचे आणि विचारायचे की दोन सरकारांनी इतिहासाचा पुरावा म्हणून वापर कसा केला. ही सगळी कागदपत्रे न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, शेकडो पाने, एका जागी बसून वाचता येतील अशी. दिल्ली नाही, लिस्बन नाही. अडचण एवढीच की पोर्तुगालने लेखी बाजू फ्रेंचमध्ये मांडली होती.

विभाग बदलायचा का, यावरही दोन संध्याकाळी चर्चा झाली. माझे मत पहिल्यापासून ठाम होते. नियम परवानगी देत असला तरी दुसऱ्या वर्षात विभाग बदलणे म्हणजे गाइड, मित्रमैत्रिणी, ग्रंथालयातली ओळख सगळे सोडणे, आणि बदल्यात मिळणार काय, तर शीर्षकाखाली वेगळे नाव. काम कुठल्या शिस्तीचे आहे हे साधने वाचण्याच्या पद्धतीवरून ठरते, विभागाच्या पाटीवरून ठरत नाही.

पहिला निर्णय : पुणे

ती इतिहासातच राहिली, आणि सुरुवात मॅडमच्या आवडत्या वाटेने केली. मोडीचा अल्पमुदतीचा वर्ग आधीच केलेला होता. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला मावशीकडे राहून ती पुरालेखागारात जाऊ लागली.

मोडीच्या वर्गातले अक्षर आणि दफ्तरातले अक्षर यांत किती अंतर असते हे ज्याने रुमाल (दफ्तरातले कापडात बांधलेले गाठोडे) सोडला आहे त्यालाच कळेल. वर्गातले वळण गोटीबंद. दफ्तरातला कारकून घाईत, लेखणी न उचलता ओळच्या ओळ ओढून नेणारा, लघुरूपे ज्याची त्याची. एका पानाला तिचा अख्खा दिवस जाई, आणि संध्याकाळी कळे की पान भलत्याच परगण्याच्या जमाखर्चाचे आहे. तहाच्या वाटाघाटींशी थेट संबंध असलेले फारच थोडे तिच्या हाती लागले. छापून आलेली साधने होती, त्यांवर काम चालले असते, पण मग ‘मूळ पाठ तपासला’ असे म्हणता आले नसते.

मॅडम म्हणाल्या, अजून थोडी चिकाटी धर. सर म्हणाले, सोड ते. खरा पेच वेगळाच निघाला, आणि तो तिच्या तिनेच सोडवला. पुण्याहून परतल्यावर तिने निकालपत्र पहिल्यांदा सलग, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले, तेव्हा लक्षात आले की ज्या तहासाठी ती डोळे फोडत होती त्याचा निकाल न्यायालयाने तुलनेने लवकर लावून टाकला होता. १७ व्या कलमाचे वेगवेगळे पाठ पाहून न्यायालय म्हणते, यातून सार्वभौमत्व दिल्याचे दिसत नाही. पोर्तुगीजांना मिळाले ते महसुलाचे उत्पन्न, सरंजाम किंवा जहागीर म्हणतात तसे. भारताचेही म्हणणे हेच होते. म्हणजे मराठेशाहीपुरता वाद भारताने जिंकला.

आणि तरीही पुढच्याच टप्प्यावर न्यायालय म्हणते की १८१८ नंतर इंग्रजांनी त्या गावांवरचे पोर्तुगीज सार्वभौमत्व वागणुकीतून मान्य केले आणि स्वतंत्र भारतानेही ते मूकपणे चालू ठेवले. मूळ दान महसुलाचे होते की मालकीचे, हा मुद्दा तिथे गळून पडला. आंतरराष्ट्रीय संबंधांत मान्यता नावाची गोष्ट कशी काम करते हे सर तिला सुरुवातीपासून सांगत होते. ते तिला इथे कळले, एका परिच्छेदावरून दुसऱ्या परिच्छेदावर जाताना.

दुसरा निर्णय : पारडी तालुक्याची तक्रार

चौथे सत्र लागले तेव्हा आराखडा पुन्हा बदलायचा का हा प्रश्न होता. जानेवारीत आराखडा बदलणारे विद्यार्थी बहुधा एप्रिलमध्ये रडतात, त्यामुळे मॅडमचा विरोध रास्त होता. पण ती निवेदनांच्या परिशिष्टांत शिरली होती आणि तिला काहीतरी सापडले होते. ते आधीपासून छापलेलेच होते, निकालपत्रातही उद्धृत आहे, पण तिच्या आराखड्यात १८१८ ते १९४७ या काळाला एक छोटे प्रकरण होते, तेही ‘पार्श्वभूमी’ म्हणून.

गोष्ट १८९० ची. इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात १८७८ चा एक तह होता. त्याच्या १८ व्या कलमात एकाच्या सशस्त्र दलांनी दुसऱ्याच्या हद्दीत कधी शिरावे यावर बंधने होती, एरवी रीतसर विनंती लागे. ८ डिसेंबर १८९० ला मुंबई सरकारने पोर्तुगीज सरकारकडे तक्रार पाठवली : तुमचे शस्त्रधारी लोक दमणहून नगर हवेलीला जाता-येता सुरत जिल्ह्यातल्या पारडी तालुक्यातून रीतसर विनंती न करता जातात, हा तहाचा भंग दिसतो. दोन आठवड्यांनी, २२ डिसेंबरला, गोव्याच्या गव्हर्नर जनरलचे उत्तर आले. आशय असा की पोर्तुगीज सैन्य पूर्वपरवानगीशिवाय ब्रिटिश हद्द कधीच ओलांडत नाही आणि शतकानुशतके हीच रीत आहे.

अंगावरची तक्रार झटकण्यासाठी लिहिलेले एक सभ्य पत्र. सत्तर वर्षांनी हेगमध्ये तेच पोर्तुगालच्या गळ्यात आले. परवानगी घ्यावी लागत होती असे तुम्हीच म्हणता, मग सैन्य नेण्याचा हक्क कसला? एका मताच्या फरकाने लागलेल्या त्या भागाच्या निकालात या पत्रव्यवहाराचा वाटा मोठा आहे.

विद्यार्थिनीने मला रात्री फोन करून हे पत्र इंग्रजीत वाचून दाखवले आणि विचारले, “मॅडम, हे इतिहास की आंतरराष्ट्रीय संबंध?” मी म्हटले, “पारडीच्या मामलेदाराला विचार.”

तिने आराखडा बदलला. पेशवाईचे प्रकरण आखडले, डिसेंबर १९५५ चे प्रकरण सरांच्या मदतीने ठेवले, आणि मधला, कंटाळवाणा समजला जाणारा इंग्रजी अमदानीचा काळ लघुप्रबंधाच्या मध्यावर आणला : परवाने, पोलिसांच्या तुकड्या, मालाची ने-आण. मॅडमनी सही केली, पण एक अट घातली आणि ती फार मोलाची ठरली. निवेदनांतली परिशिष्टे ही वकिलाने खटला जिंकण्यासाठी निवडलेली कागदपत्रे असतात, तेव्हा प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कुठल्या बाजूने काय मांडले नाही याचाही विचार कर. राज्यशास्त्राच्या वर्गात ही सूचना कुणी केली असती असे मला वाटत नाही. कागद कुणी, कशासाठी जपला हे विचारायची खोड इतिहासवाल्यांना असते.

तिसरा निर्णय : भाषा

लघुप्रबंध मराठीत की इंग्रजीत? इतिहासात मराठीला मुभा होती. सरांचा आग्रह इंग्रजीचा, कारण या विषयातले सगळे लेखन इंग्रजीत आणि पुढे दिल्ली-हैदराबादला अर्ज करायचा तर नमुना म्हणून तेच लागणार. ती मराठीवर अडून बसली. कारण तिने सरळ सांगितले : इंग्रजीत लिहिताना मी दुसऱ्यांची वाक्ये जोडते, मराठीत माझे मला कळते की मला मुद्दा समजलेला नाही.

हा निर्णय मला पटला, आजही पटतो. तोटा मात्र झाला. परिभाषा जुळवण्यात वेळ गेला आणि उद्धरणे भाषांतरित करण्यात त्याहून जास्त. फ्रेंच निवेदनांसाठी तिने यंत्रभाषांतर वापरले, तसे प्रस्तावनेत स्पष्ट लिहिले, आणि मुख्य निष्कर्ष फक्त फ्रेंच पानांवर उभा राहणार नाही याची काळजी घेतली. या मर्यादेत हे ठीक होते.

काय झाले

काम वेळेत सादर झाले. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बाहेरचे परीक्षक इतिहासाचे होते, आणि विभागाने सौजन्य म्हणून राज्यशास्त्रातल्या सरांनाही बसवले होते.

पहिलाच प्रश्न आला, “मग जिंकलं कोण?” तिने तिन्ही मतदाने सांगितली आणि म्हणाली की दोन्ही देशांना घरी जाऊन जिंकलो म्हणता येईल असा निकाल आहे. पोर्तुगालला हक्क होता हे मान्य झाले. तो हक्क बजावू न देण्यात भारताची चूक नव्हती हेही मान्य झाले, कारण दादरा पडल्यावर त्या भागात तणाव होता आणि वाट नियंत्रित करण्याचा अधिकार भारताकडे होता. परीक्षकांनी पुढे विचारले, या निकालाचा जमिनीवर काय परिणाम? काही नाही, ती म्हणाली. ११ ऑगस्ट १९६१ ला दादरा-नगर हवेली भारतात विलीन झाली. त्या करारावर सही करता यावी म्हणून के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरते तिथले ‘पंतप्रधान’ केले होते. डिसेंबरात गोवा मुक्त झाला. सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धच्या ठरावावर सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते १९७४ च्या शेवटी, लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यानंतर.

मग सरांनी, अपेक्षेप्रमाणे, सिद्धान्त विचारला. तिचे उत्तर मला नंतर कळले आणि ते बेताचेच होते. वास्तववाद आणि उदारमतवाद या आंतरराष्ट्रीय संबंधांतल्या सिद्धान्तांच्या पाठ केलेल्या व्याख्या दिल्या, आपल्या पुराव्याशी त्या जोडल्या नाहीत. छोट्या, दुबळ्या पोर्तुगालने बळाऐवजी न्यायालय का निवडले आणि न्यायालयात अर्धा विजय मिळवूनही काही का हाती लागले नाही, एवढे जरी ती बोलली असती तरी पुरे होते. साहित्य तिच्याच चौथ्या प्रकरणात पडून होते.

श्रेणी चांगली मिळाली, सर्वोच्च नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, मुंबई. ज्या काळाने खटला ठरवला त्या काळातले मुंबई सरकारचे कागद एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, महाराष्ट्राच्या राज्य पुराभिलेखागारात आहेत. इंग्रजीत, बरेचसे वाचता येणाऱ्या अक्षरात. डहाणूची लोकल धरून चर्चगेटला उतरायचे आणि चालत जायचे. ती पुण्याला मावशीकडे राहायला गेली आणि स्वतःच्या रेल्वेमार्गाच्या टोकाला असलेल्या पुराभिलेखागारात फेब्रुवारीत पोचली, तेव्हा यादी पाहण्यापलीकडे फारसा वेळ उरला नव्हता. याचे कारण आळस नाही. आपल्याकडे ‘मूळ साधन’ म्हटले की मोडीच डोळ्यांसमोर येते, आणि एकोणिसाव्या शतकातला जिल्ह्याचा पत्रव्यवहार म्हणजे दुय्यम, असा एक न बोललेला समज आहे. मॅडमचा होता, तिलाही लागला.

दुसरे, दोन विभागांनी एकदा एका टेबलाशी बसायला हवे होते. वर्षभर ती दोन्हीकडचे निरोप वाहत राहिली. औपचारिक सहमार्गदर्शनाला नियम नसेल तर सत्राला एक एकत्र बैठक घ्यायला कुठला नियम आड येतो? अशी बैठक सप्टेंबरात झाली असती तर मान्यतेचा मुद्दा बराच लवकर कळला असता.

निकालपत्र आधी वाचायला हवे होते हे तर उघडच आहे. पण मी तिला यात फार दोष देणार नाही. अशा इंग्रजीतले लांबलचक निकालपत्र एकटीने वाचायला कोणताही वर्ग शिकवत नाही. संशोधन पद्धतीच्या ४ श्रेयांकांच्या पेपरात गृहीतक, नमुना निवड, प्रश्नावली हे सगळे आहे. तह, निकाल, संयुक्त निवेदन अशा दस्तऐवजांचे वाचन एका तासापुरतेही नाही.

आणि वारली माणसे. निकालात ‘खासगी व्यक्ती’ हा प्रकार येतो. हद्द ओलांडून जाणारे हे खासगी लोक कोण होते? जमीनदार, व्यापारी, मजूर, लग्नाला निघालेली वऱ्हाडे. तिच्या स्वतःच्या नात्यातली माणसे त्यांत असणार. परीक्षकांनीही नेमके यावर बोट ठेवले. तिने मुलाखतींचे प्रकरण डिसेंबरात वेळेअभावी काढून टाकले होते. त्या क्षणी निर्णय बरोबर होता, कारण मुलाखती घाईत उरकल्या असत्या तर प्रकरण नुसते शोभेचे झाले असते. पण १९५४ आठवणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. प्रबंधात वापरायचे की नाही ते नंतर ठरवता येते, ध्वनिमुद्रण आधी करून ठेवायला हवे होते. उन्हाळ्यात तिने दोन म्हाताऱ्यांशी वारलीत बोलून ते काम सुरू केले.

पीएच.डी.च्या अर्जात तिने विषय इतिहासच लिहिला आहे. समितीने विचारले, परकी भाषा कोणती शिकणार? तिने पोर्तुगीज सांगितले, म्हणजे पणजीचे कागद वाचता येतील. माझे म्हणणे फ्रेंच आधी, कारण पोर्तुगालची न्यायालयातली लेखी बाजू त्या भाषेत आहे आणि ती यंत्राकडून किती दिवस वाचून घेणार? यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.